न चुकलेला पाय

लेक : अण्णा, ती सुई जरा बाजूला ठेवा. मी गॅरेजातून थेट इकडेच आलेय.

मास्तर : ठेवली तर दोरा निसटेल, आणि परत ओवायला डोळे तुझेच लागतील. बोल तू. शिवतोय हातानं, कान मोकळेच आहेत.

लेक : गाडीबद्दल आहे.

मास्तर : गेली ना भंगारात? बरं झालं. नजरेआड झाली की सुटलो.

लेक : गेली नाही.

मास्तर : आता काय अडलं? सही राहिली का माझी? आण, करतो.

लेक : सही-बिही काही नाही. माझ्याकडे बघा ना जरा. सकाळी दादाला फोन केला होता. तो म्हणाला, अण्णांना इतक्यात सांगू नकोस, त्रास होईल. मी म्हटलं, नाही सांगितलं तर मला होईल.

मास्तर : तुम्हा दोघांचं बोलणं ऐकलं की वाटतं, मी कुठला तरी काचेचा कप आहे. सारखं कुणीतरी उचलून वरच्या फळीवर ठेवतंय. सांग काय ते. हे शाळेचे शर्ट आहेत, टेलरबाईंना आज द्यायचेत.

लेक : तुमचा पाय चुकला नव्हता.

मास्तर : काय?

लेक : त्या दिवशी. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असं जे आपण सगळे म्हणत आलो ना, तसं काही झालंच नव्हतं. पुढचं डावं चाक आधी मोडलं. टेलरबाईंच्या दुकानावर गाडी गेली ती त्याच्यानंतर.

मास्तर : कोण म्हणतं?

लेक : गॅरेजवाला. सुट्या पार्टसाठी कुणी गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून त्यानं आपल्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. तर लाल अक्षरांत आलं, ही गाडी चालवू नका, परत आणा. पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारं ते लोखंड असतं ना—

मास्तर : लोअर आर्म.

लेक : तेच. आतून पोकळ असतं म्हणे. त्यात पाणी साचतं, आतल्या आत गंजत जातं. बाहेरून रंग जसाच्या तसा. आणि मग एक दिवस मोडतं आणि चाक आडवं पडतं. आपली गाडी ज्या वर्षी निघाली, त्या वर्षीच्या सगळ्याच गाड्यांत तो दोष आहे. कंपनीनं सगळ्या परत बोलावल्यात, फुकट बदलून द्यायला.

मास्तर : आपल्याला कुणी बोलावलं नाही.

लेक : कळवलं होतं म्हणतात. पत्ता आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचा. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. त्यांनी दिलं असेल टाकून.

मास्तर : पण आर्म धडकेनं मोडला. गाडी पायरीवर चढली, पायरीला चाक लागलं, आर्म गेला. तेव्हाच म्हणाला होता तो गॅरेजवाला.

लेक : तेव्हा कुणी नीट बघितलंच नाही. अपघात म्हणजे मोडतोड होणारच, असं धरून गाडी शेडमध्ये ढकलून दिली. आज त्यानं तो तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. अण्णा, जिथं मोडलंय ना, ती बाजू जवळजवळ सगळी तपकिरी आहे. काळपट, जुना गंज. फक्त एका कडेला नखाएवढी जागा उजळ. तेवढंच त्या दिवशी मोडलं. बाकीचं केव्हाच मोडलेलं होतं. नखाएवढ्या लोखंडावर गाडी पळत होती आपली.

मास्तर : तू बसायचीस शेजारी.

लेक : हो.

मास्तर : आणि तुझी मुलगी मागं. खिडकीला नाक लावून.

लेक : तो सगळा विचार बसमध्ये करून झालाय माझा. आता परत नको.

मास्तर : पाणी दे जरा.

लेक : घ्या. जिना चढताना मी पाठ करत आले, कसं सांगायचं ते. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

मास्तर : पण मला आठवतंय गं.

लेक : काय आठवतंय?

मास्तर : पाय. वळणावर उतार संपतो ना, तिथं मी ब्रेकवर पाय ठेवायला गेलो. चपलेचा पट्टा ढिला होता. पाय उजवीकडे सरकला. ब्रेक पायाला कसा घट्ट लागतो, तसं काही लागलं नाही. मऊ लागलं. तळव्याला कळतं ते, आयुष्यभर तेच शिकवत आलो. तेवढ्यात गाडीनं उसळी घेतली. मला सगळं आठवतं. आंघोळ करताना आठवतं, जेवताना आठवतं.

लेक : त्या दिवशी तुम्ही बूट घातले होते.

मास्तर : चपला होत्या.

लेक : बूट, अण्णा. काळे, लेसचे. हॉस्पिटलात मीच काढले तुमच्या पायांतून. लेसची गाठ सुटेना, तेव्हा सिस्टरनं कात्री दिली. तुम्ही तशातही म्हणालात, नवीन लेस आहे, कापू नका.

मास्तर : चपलेचा पट्टा मला दिसतो डोळ्यांसमोर. त्याची शिवण उसवलेली दिसते.

लेक : पहिल्या दिवशी तुम्ही पोलिसांना काय सांगितलं होतं, ते आठवतं का?

मास्तर : हेच. दुसरं काय सांगणार?

लेक : नाही. तुम्ही म्हणालात, "गाडीनं ऐकलं नाही. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी निघून गेली." मी उभी होते तिथं. तो हवालदार तुमच्याकडेच गाडी शिकलेला. हसला तो. वाईट नाही हसला, आपलं माणूस असल्यासारखा हसला. म्हणाला, "मास्तर, तुम्हीच शिकवायचात ना, गाडी चुकत नाही, चालवणारा चुकतो."

मास्तर : शिकवायचो. प्रत्येकाला पहिल्या दिवशी तेच सांगायचो.

लेक : मग वकील म्हणाले, वय सांगा, पाय चुकला म्हणा, लवकर मिटेल. दादा म्हणाला. शेजारचे म्हणाले. मीसुद्धा म्हटलं, अण्णा, होतं असं या वयात, त्यात काय एवढं. रोज कुणी ना कुणी येऊन म्हणायचंच. थोड्या दिवसांनी तुम्हीच म्हणायला लागलात. आणि दर वेळी थोडं जास्त सांगायचात. ती चप्पल त्यात कधी आली, मला कळलंसुद्धा नाही.

मास्तर : बाईंपुढे हात जोडून म्हणालोय मी, माझा पाय चुकला.

लेक : माहीत आहे मला.

मास्तर : कोर्टात म्हणालोय. लायसन्स आपल्या हातानं काढून दिलंय.

लेक : ते मिळेल परत. वकिलांना फोन करूनच आलेय मी. म्हणाले, जरा वेळ लागेल, पण मिळेल.

मास्तर : चल.

लेक : कुठं?

मास्तर : बाईंकडे. ते शर्ट घे पिशवीत. राहिलेली बटणं तिथं बसून लावीन.

लेक : आत्ता? जरा पाठ टेका ना. चेहरा बघा कसा झालाय.

मास्तर : त्यांचा गुडघा गेलाय, बाळ. त्यांना हे बाहेरून कुणाकडून कळलं तर बरं दिसेल का? माझी काठी कुठाय? नाही, ती नको, तिचं टोक घसरतं. दुसरी.

(टेलरबाईंचं दुकान. दारातली पायरी नव्या सिमेंटची. आत मशीनचा आवाज.)

टेलरबाई : आज एवढ्या लवकर? आणि लेकीला घेऊन? कोण आजारी पडलं?

मास्तर : कुणी नाही. बाई, मशीन जरा थांबवता का?

टेलरबाई : एवढी बाही होऊ दे. मध्येच सोडली की चुणी पडते. ... हं, बोला. ताई, त्या स्टुलावर नका हो बसू, डुगडुगतं ते. इकडे या, कापडाच्या गठ्ठ्यावर बसा. काही होत नाही त्याला.

मास्तर : तू सांग गं. मला नीट नाही सांगता येणार.

लेक : बाई, त्या गाडीतच दोष होता. कंपनीचाच. पुढचं चाक धरणारा भाग आतून गंजून मोडला, म्हणून गाडी तुमच्या दुकानाकडे वळली. आज गॅरेजात कळलं. मोडलेला तुकडा बघून आलेय मी.

टेलरबाई : म्हणजे मास्तरांची चूक नव्हती.

लेक : नाही.

टेलरबाई : असं.

मास्तर : तुम्हाला आधी सांगावं म्हणून लगेच आलो.

टेलरबाई : छान. मग आता मी शिव्या कुणाला घालू?

मास्तर : बाई...

टेलरबाई : नाही, खरंच विचारते. सकाळी उठून पहिला पाय जमिनीला टेकवला की तोंडातून एक शिवी जाते. तुमच्या नावाची. खोटं कशाला सांगू. मग दुपारी तुम्ही येता, चष्मा नाकावर घेऊन बटणं लावत बसता, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत राग निवतो. सकाळी परत शिवी. असं सगळं आपापल्या जागी बसलं होतं. आता कंपनीला शिव्या घालायच्या? कुठे राहते ती? तोंड कसं आहे तिचं?

लेक : राग येणारच तुम्हाला. साहजिक आहे.

टेलरबाई : राग नाही हो, ताई. कंटाळा आलाय. जो येतो तो काहीतरी नवीन सांगून जातो. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारख्या चालाल. मग म्हणाले, काठीनं चालाल. मग म्हणाले, उभं राहायचं काम करू नका. पायानं चालवायची मशीन गेली, ही मोटरवाली आली. हिचा आवाज मला अजून आवडत नाही. आता म्हणताय, ज्यानं केलं त्यानं केलंच नाही. बरं. ठीक आहे. ऐकलं.

मास्तर : एक विचारू?

टेलरबाई : विचारा.

मास्तर : तुम्ही पायरीवर बसला होतात. उजेडात. कुणाच्या तरी परकराची टीप उसवत होतात.

टेलरबाई : परकर नव्हता, पडदा होता. निळा.

मास्तर : तुम्ही मला बघितलं का? काचेतून?

टेलरबाई : बघितलं.

मास्तर : काय करत होतो मी?

टेलरबाई : कशाला आता ते उकरायचं.

मास्तर : सांगा, बाई. मला जे आठवतं ते खोटं निघालंय. खरं काय ते मला कुठेच सापडत नाही. आता एक तुमच्याकडेच असेल तर असेल.

टेलरबाई : तुम्ही... तुम्ही स्टिअरिंग ओढत होतात. दोन्ही हातांनी, माझ्यापासून लांब. दोर ओढावा तसे, अख्खं अंग घालून. तोंड उघडं होतं. 'सरका' म्हणत असाल, ऐकू काही आलं नाही. आणि ते पुढचं चाक वाकडं पडलं होतं. घोटा मुरगळलेला माणूस कसा पाय टाकतो, तसं. मला वाटलं, हे चाक असं का चालतंय? एवढं वाटेपर्यंत गाडी अंगावर.

लेक : पायरीला लागायच्या आधी? चाक आधीच वाकडं होतं?

टेलरबाई : आधीच. रस्त्यावरच.

लेक : मग हे तुम्ही कुणाला बोलला का नाहीत, बाई?

टेलरबाई : कुणी विचारलं? हॉस्पिटलात पोलीस आला. नाव विचारलं, वय विचारलं, गाडी कुठल्या बाजूनं आली ते विचारलं. चाकाचं कोण विचारतंय? आणि जरा उठून बसते तर समोर हे, हात जोडून उभे. म्हणे, बाई, माझा पाय चुकला. चालवणारा स्वतः म्हणतोय. तोही साधासुधा नाही, अख्ख्या गावाला गाडी शिकवणारा. मला वाटलं, भुलीच्या औषधात मीच काहीतरी वाकडं-तिकडं बघितलं असणार. दिलं सोडून.

मास्तर : दोर ओढावा तसं म्हणालात?

टेलरबाई : हो.

मास्तर : दोन्ही हातांनी.

टेलरबाई : दोन्ही हातांनी. मास्तर, रडायचं असेल तर ते शर्ट बाजूला ठेवून रडा. इस्त्री केलेत.

लेक : अण्णा, पाणी हवंय का?

मास्तर : नको. मघाशी प्यायलो.

लेक : बाई, वकिलांसमोर हे सांगाल का? म्हणजे अण्णांचं लायसन्स—

टेलरबाई : सांगेन की. न सांगायला काय झालं. फक्त त्यांना म्हणावं, इकडे या. त्यांचा जिना मला चढवत नाही.

मास्तर : लायसन्स नकोय मला.

लेक : असं काय करता? चूक नव्हती तुमची. आता तर बाईंनी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं.

मास्तर : माझ्या डोक्याला पटलंय. पायाला नाही पटलेलं. उद्या गाडीत बसलो आणि ब्रेकवर पाय ठेवला, तर तो मला विचारेल, हा ब्रेकच ना नक्की? असं विचारणाऱ्या माणसाला मी कधी रस्त्यावर नेलं नाही. मैदानातच गोल गोल फिरवत ठेवायचो.

लेक : सवय होईल परत. मी बसेन शेजारी.

मास्तर : बाळ, मला ती चप्पल अजून दिसते. तू बूट म्हणतेस, बूटच असणार. पण मला दिसते चप्पल. जाऊ दे. चालायला जमतंय, बस आहे, तू आहेस.

लेक : मला वाटलं होतं, मी तुम्हाला काहीतरी परत आणून देतेय.

मास्तर : दिलंस की. थोडं दिलंस. सगळं परत मिळायला हवं, असं कुठे असतं?

टेलरबाई : मग उद्यापासून यायचं बंद का?

मास्तर : का बरं?

टेलरबाई : आता चूक नाही म्हणजे यायचं कारणही नाही. म्हणून विचारलं.

मास्तर : आणि बटणं कोण लावणार?

टेलरबाई : तुम्ही लावलेली निम्मी मी परत काढून लावते.

मास्तर : काय सांगता? कधीपासून?

टेलरबाई : पहिल्यापासून. खालचा दोरा सैल सोडता तुम्ही. पोरांनी एकदा ओढलं की हातात बटण.

मास्तर : आणि बोलला नाहीत ते?

टेलरबाई : एवढ्या लांबून चालत येणाऱ्या माणसाला काय बोलायचं.

लेक : हसताय काय दोघं? मला इथं कळेना, कुणाची समजूत काढू.

मास्तर : थांब. ती गाडी... त्या वर्षीच्या सगळ्याच गाड्या म्हणालीस ना?

लेक : हो. का?

मास्तर : माझ्याकडे शिकून झालं की सगळे विचारायचे, मास्तर, कुठली घेऊ? मी हीच सांगायचो. मजबूत आहे, डोळे मिटून घ्या. स्वतः बरोबर जाऊन बघून दिल्यात. त्या औषधवाल्याला दिली. शाळेतल्या संगीताच्या बाईंना. आणि ती नर्स, सँडलवाली.

टेलरबाई : सँडलवाली कोण?

मास्तर : उंच टाचांवर शिकली गाडी. काढ म्हटलं तर ऐकायची नाही. आता खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत हिंडते, त्याच गाडीतून. फोन दे तुझा.

लेक : अण्णा, कंपनी कळवेल त्यांना. त्यांचं कामच आहे ते.

मास्तर : मला कळवलं तसंच ना?

लेक : निदान उद्या करा. केवढे दमलात.

मास्तर : दमलोय तर. पण ती उद्या सकाळी गाडी काढेल. नंबर लावून दे, मला तुझ्या फोनवरचं दिसत नाही.

लेक : हा घ्या. औषधवाल्यांना लागलाय.

मास्तर : हॅलो, मी मास्तर बोलतोय. ... हो, ड्रायव्हिंग स्कूलवाला. ... अरे, तुझी ती पांढरी गाडी आहे ना, तिचं पुढचं चाक तपासून घे. नाही, आधी चालवणं थांबव, मग तपासून घे. ... तसं नाही रे. ... बरं. ... बरं, बघ.

लेक : काय म्हणाले?

मास्तर : म्हणाला, मास्तर, तुमचा अपघात झाल्यापासून तुम्हाला सगळ्याच गाड्या वाईट दिसतात. बघतो म्हणाला.

टेलरबाई : त्याच्याकडे मी बघते. माझ्या गोळ्या तिथूनच येतात. उद्या आला की त्याला गुडघा दाखवते. पुढचा लावा.

लेक : बाई, तुम्हीही आता...

टेलरबाई : लावा हो, ताई. मशीन तशीही बंदच आहे.

लेक : घ्या. रिंग होतेय.

मास्तर : हॅलो, कोण, सँडलवाली ना? ओळखलास का आवाज? ... हो, मीच. ... अगं, तब्येतीला काही नाही झालं. तू आहेस कुठं? ... गाडी चालवतेयस? फोन घेतलास कशाला मग? हेच शिकवलं का मी? ... बरं, ते राहू दे. ऐक. वळताना खालून काही आवाज येतो का? डाव्या बाजूनं? ... ठक असा? ... कधीपासून? ... मेकॅनिक काहीही म्हणू दे. हळू कर. एकदम ब्रेक मारू नकोस, हळू. इंडिकेटर दे, कडेला घे. ... थांबलीस? ... इंजिन बंद कर. खाली उतर. ... नको, थोडंसंच राहिलंय म्हणून नको. चालत जा, कुणाला तरी न्यायला बोलाव. ... हो, सगळं सांगतो, आधी उतर. ... उतरलीस? ... बरं. ... नाही गं, मला परत गाडी घ्यायची म्हणून नाही विचारत. मी नाही चालवत आता. तू चालवतेस, म्हणून फोन केला.